थीम पार्कला जायचंय, पण आवाजाचं काय? (स्वमग्न मुलांचे पालक, मदत हवी)

तळजाईची_चिमणी

नमस्कार मंडळी. मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान लहानपणीच झालं. बोलतो, पण मोजकं. गोल फिरणारं काहीही त्याला प्रिय. पंखा, भोवरा, समोर काच असलेलं वॉशिंग मशीन. बागेतल्या चक्रावरून त्याला उतरवणं म्हणजे रोजचं युद्ध. त्यामुळे पार्कातल्या राइड्स त्याला आवडणार याची मला खात्री आहे. अडचण आहे ती आवाजाची. मिक्सर, कुकरची शिट्टी, फुगा फुटणं, मॉलच्या टॉयलेटमधलं हात वाळवायचं मशीन. कान दाबून खाली बसतो, फार झालं तर स्वतःच्या मनगटाला चावतो.

सुट्टीत दिराच्या मुली येतायत आणि सगळ्यांचा खोपोलीला इमॅजिकाला जायचा बेत ठरतोय. सासूबाई म्हणाल्या, "त्याला मी घरी बघते, तुम्ही निवांत जाऊन या." प्रेमानेच म्हणाल्या. पण मला त्याला न्यायचं आहे. कुणी नेलंय का? "हेडफोन घाला" याच्या पुढचं काही सांगा. हेडफोन तो थोड्या वेळात भिरकावून देतो.

कर्जतचा_बोगदा

आमची लेक पण ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे, नऊ वर्षांची. तिला घेऊन इमॅजिकाला जातो, घरापासून जवळ पडतं.

पहिली गोष्ट, दिवस कुठला निवडता. शनिवार-रविवार नको हे सगळेच सांगतील. पण डिसेंबर-जानेवारीतला आडवारही नको, कारण तेव्हा शाळांच्या सहली असतात. पन्नास-पन्नास मुलं एका सुरात किंचाळत फिरतात. परीक्षांचा हंगाम किंवा शाळा नुकत्या सुरू झालेल्या असतानाचे दिवस बरे. तुमचा बेत सुट्टीतलाच असेल तर निदान आठवड्याच्या मधला वार धरा आणि गेट उघडताना आत असा. सकाळचा पहिला दीड-दोन तासांचा वेळ सोन्यासारखा. तेव्हा रांगा नसतात, आणि माझ्या मते खरी डोकेदुखी राइडपेक्षा रांगच आहे.

दुसरं म्हणजे राइड्स. टबीसारखी लहानांची फिरणारी राइड किंवा कॅरोसेल, इथून सुरुवात करा. 'आय फॉर इंडिया'मध्ये खुर्चीत बसून मोठ्या पडद्यासमोर लटकत देश वरून बघायचा असतो. आवाज मोठा आहे, पण तो संगीताचा, सलग. आमच्या लेकीने तो पचवला. 'सलीमगढ' भुताचं, ते सरळ गाळा. 'रॅथ ऑफ द गॉड्स'मध्ये आग, पाणी, गडगडाट, तेही गाळा. 'डीप स्पेस' अंधारातला रोलर कोस्टर, म्हणजे पुढे काय येणार ते दिसत नाही आणि आवाज बंदिस्त. 'नायट्रो' हा उघड्यावरचा रोलर कोस्टर लांबून बघायला मात्र आमच्याकडे फार आवडतो. आम्ही कठड्यापाशी बसून डबा खातो आणि ती प्रत्येक गाडी मोजते. तिच्यासाठी तीच राइड.

संध्याकाळी परेड असेल तर त्याच्या आधी निघा, किंवा आधीच कुठून जाणार ते विचारून दुसऱ्या टोकाला थांबा.

शब्दवेडी

वाचनखूण साठवली. भाच्यासाठी लागणार आहे.

खडूस_काका

मत आवडणार नाही, तरी लिहितो. जग काही आवाज कमी करणार नाही. गणपतीत ढोल वाजणार, दिवाळीत फटाके वाजणार. पोराला कायम कापसात ठेवलंत तर मोठेपणी काय करणार? थोडं रडू द्या, सवय होते.

शांतताप्रिय

@खडूस_काका, मी ते मोठेपण आहे. वय एकतीस, पुण्यात आयटीत काम करतो, निदान विशीत झालं. लहानपणी मला "सवय होण्यासाठी" जत्रेत उभं केलं जायचं. सवय एवढीच झाली, की पुढे जत्रेचं नाव काढलं तरी पोटात कळ यायची.

आणि गंमत बघा, ढोल मला आवडतो. पथक समोरून येताना दिसतं, ताल कळतो, पुढचा ठोका कधी पडणार ते माहीत असतं. छातीत जाणवतो तो धक्का तर छानच वाटतो. पण शेजारच्या टेबलावर कुणी स्टीलचं ताट आपटलं की मी गार. डेसिबल मोजले तर ढोल कितीतरी वरचढ निघेल. म्हणून पालकांनी "मोठा आवाज नको" एवढाच विचार केला तर निम्मं काम होतं. अचानक येणारा, कुठून आला ते न कळणारा, कधी थांबेल ते माहीत नसलेला आणि ज्यापासून पळता येत नाही असा आवाज, हे चारही एकत्र आले की आम्ही संपतो.

चिमणीताई, तुमच्या मुलाला स्वतः मिक्सरचं बटण दाबू देऊन बघितलंय का?

तळजाईची_चिमणी

@शांतताप्रिय, अहो, तो स्वतः दाबतो तेव्हा हसतो! मी दाबलं की कान दाबतो. मला वाटायचं नाटक करतोय. नवरा तर अजून तसंच म्हणतो, आज त्याला हा प्रतिसाद वाचायला देते.

श्रवणवेध

मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, थोडं तांत्रिक लिहिते.

बऱ्याचदा या मुलांचे कान ठणठणीत असतात, आवाज मेंदू कसा हाताळतो तिथे फरक असतो. तरी एकदा श्रवणचाचणी झालेली असावी. कानात काही दुखणं असेल आणि मूल मोजकं बोलत असेल तर ते कळतच नाही.

साधनं दोन प्रकारची आणि लोक त्यांची गल्लत करतात. इअरमफ म्हणजे जाड कपांचं साधं आच्छादन, बॅटरी नाही. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन म्हणजे बाहेरच्या आवाजाच्या उलट लहर तयार करून तो दाबणारं यंत्र. हे दुसरं प्रकरण विमानाच्या घरघरीला, एसीला, जनरेटरला उत्तम, पण अचानक किंकाळी, हॉर्न, धातूचा खणखणाट यांना ते फारसं आवरत नाही. पार्कात नेमका तोच आवाज असतो. म्हणून पार्कासाठी साधा, लहान मुलांच्या मापाचा इअरमफ घ्या. मोठ्यांचा घेतला तर कडेने फट राहते आणि सगळा उपयोग जातो. चष्म्याची काडी किंवा जाड केसही फट पाडतात. डब्यावर एसएनआर नावाचा आकडा असतो, आवाज किती डेसिबलने कमी होईल ते सांगणारा, २५ च्या आसपास पुरे. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतं.

तो घरी दिवसभर घालायला देऊ नका. कानाला सतत शांतता मिळाली की मेंदू आतला आवाज वाढवतो आणि संवेदनशीलता आणखी चढते. गोंगाटात घालायचा, शांत जागी काढायचा.

आणि एक बिनखर्चाचा उपाय, अंतर. उघड्यावर स्रोतापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. छपराखाली, भिंतींच्या बोळात तसा उतरत नाही, उलट घुमतो. रांगा नेमक्या तशाच बोळांतून नेलेल्या असतात. एकाने रांगेत उभं राहावं, दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेर मोकळ्यावर थांबावं, नंबर जवळ आला की फोन. आधी तिथल्या माणसाला विचारून घ्या, म्हणजे मागच्यांशी भांडण नको.

मिठाचा_खडा

फोनवरचं डेसिबल अॅप कामाचं असतं का?

श्रवणवेध

अंदाजापुरतं. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचं मोफत अॅप आयफोनवर आहे, ते त्यातल्या त्यात विश्वासू. त्यांचा कामगारांसाठीचा हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. पण हा कानाला इजा होण्याचा हिशेब आहे. मुलाला त्रास कधी सुरू होतो ते अॅप सांगणार नाही, त्याचा चेहरा सांगेल.

हात वाळवायच्या मशीनबद्दल: कॅनडातल्या कॅलगरीच्या नोरा कीगन या मुलीने सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या मशीनचा आवाज मुलांच्या कानाच्या उंचीवर मोजला आणि २०१९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तिचा शोधनिबंध बालरोगाच्या नियतकालिकात छापून आला. काही मशीन १०० डेसिबलच्या वर निघाली. तेव्हा तुमचा मुलगा उगाच घाबरत नाही. टॉवेल न्या, आणि अपंगांसाठी वेगळी खोली असेल तर ती वापरा, तिथे दुसरं कोणी अचानक मशीन लावणार नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. आमच्याकडून दीडेक तासाच्या आत पेन्सिल्व्हेनियात लँगहॉर्नला सेसमी प्लेस आहे. २०१८ मध्ये 'सर्टिफाइड ऑटिझम सेंटर' असा दर्जा मिळवणारं ते पहिलं थीम पार्क. प्रमाणपत्र म्हटलं की माझं मराठी मन लगेच संशयाने बघतं आणि खरंच, प्रमाणपत्राने स्पीकरचा आवाज कमी होत नाही. पण एक चीज मात्र भारी आहे. प्रत्येक राइडला स्पर्श, चव, आवाज, गंध आणि दृष्टी अशा पाचही संवेदनांसाठी १ ते १० असे गुण देऊन तक्ता केलाय. घरी बसून ठरवता येतं की या राइडला आवाज ३ आहे म्हणून जायचं, त्या राइडला ८ म्हणून टाळायचं. आपल्या मुलाला गोल फिरणं हवं आणि आवाज नको, तर ते दोन्ही वेगवेगळं बघता येतं. "ही राइड लहानांची" एवढ्या पाटीवरून काय कळणार? लहानांच्या कितीतरी राइड्सवर भोंगा आणि कर्कश गाणं असतं.

टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला मॉर्गन्स वंडरलँड आहे. गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या लेकीवरून नाव देऊन २०१० मध्ये सुरू केलं. अपंग व्यक्तींना तिथे प्रवेश मोफत. आम्ही गेलेलो नाही, पण यादीत आहे.

कर्जतचा_बोगदा

@एडिसनकर, तक्त्याची कल्पना झकास. इमॅजिकाचा असा तक्ता आपणच करू या का? मी लेकीच्या हिशेबाने आवाजाचा रकाना भरतो, बाकीच्यांनी आपापला भरावा. एकाच राइडला दोन मुलांचे गुण वेगळे आले तरी तसेच राहू देत, सरासरी काढायची नाही.

ओटी_मावशी

ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मुलांमध्ये 'मावशी'च.

हेडफोन भिरकावतो याचं कारण बहुधा आवाज नसून डोक्यावरचा दाब, कानाची उष्णता आणि घाम. आपल्या हवेत इअरमफ म्हणजे कानाला घातलेलं स्वेटर. आधी घरी, कूलरसमोर, त्याला आवडणारी गोष्ट चालू असताना मिनिटभर घालायचा आणि तो काढायच्या आत आपण काढायचा. हळूहळू वेळ वाढवायचा. रंग त्याने निवडलेला असावा. नाहीच जमला तर कानावरून येणारी सुती टोपी किंवा हुडी, तेवढ्यानेही पुष्कळ मुलं सावरतात. आणि घातला नाही तरी गळ्यात राहू द्या. "हवा तेव्हा मला घालता येईल" हा भरवसा अर्धी लढाई जिंकतो.

तयारी: यूट्यूबवर लोकांनी बसल्या जागेवरून काढलेले राइडचे व्हिडिओ असतात. पहिल्यांदा आवाज बंद, मग बारीक, मग थोडा मोठा, आवाजाचं बटण त्याच्या हातात. अमेरिकेत कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सोशल स्टोरी' ही पद्धत मांडली, ती इथे चपखल बसते. चार-सहा फोटो, प्रत्येकाखाली एक वाक्य. "गेटवर गर्दी असेल. राइड सुरू होताना भोंगा वाजेल. भोंगा थोडाच वेळ वाजतो. मला नको वाटलं तर मी लाल कार्ड दाखवीन. मग आपण बाहेर जाऊ." शेवटचं वाक्य पाळायचंच. तिकिटाचे पैसे आठवून "आता एवढी एकच" म्हणालात की कार्डाची किंमत शून्य.

दिराच्या मुलींनाही ही गोष्ट वाचून दाखवा. मुलांना कारण कळलं की ती मोठ्यांपेक्षा बरी वागतात.

मेल्टडाउन झालाच, म्हणजे सगळं असह्य होऊन त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला, तर समजावणं, ओरडणं, व्हिडिओ दाखवणं काही नको. कमी बोला, सावलीत न्या, त्याला चालत असेल तर घट्ट मिठी. तो हट्ट नाही, त्यामुळे आइस्क्रीमने मिटत नाही.

मिठाचा_खडा

वॉटर पार्कचं काय? आमच्या कन्येला पाणी म्हणजे जीव की प्राण, आणि पाण्यात इअरमफ कसा घालणार?

ओटी_मावशी

पाण्याचा सततचा खळखळाट बऱ्याच मुलांना उलट शांत करतो. धोक्याच्या जागा तीन. वरून उलटणारी मोठी बादली, तिची घंटा आधी वाजते आणि मग धबाककन पाणी. वेव्ह पूल, लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा होतो. आणि रेन डान्स. रेन डान्सच्या डीजेपुढे माझेच कान हात टेकतात. बादलीची घंटा मात्र पुष्कळ मुलांना आवडायला लागते, कारण ती सांगून येते. लांबून घंटा, पाणी, घंटा, पाणी असं चारदा बघितलं की पाचव्यांदा मूल स्वतः पुढे सरकतं. कानांवरून पोहण्याचा निओप्रीनचा पट्टा बांधा, आवाज थोडा बोथट होतो आणि पाणीही जात नाही.

खडूस_काका

पुन्हा आलो. शांतताप्रिय यांचं वाचलं, सवयीचं वाक्य मागे घेतो. मी निवृत्त इलेक्ट्रिशियन, जत्रा, सर्कस, पाळणे यांच्या साउंड-लाइटची कामं आयुष्यभर केली, त्यातलं उपयोगी पडेल ते सांगतो.

स्पीकरला तोंड असतं. त्याच्या मागे आणि बाजूला आवाज बराच कमी असतो, तिखट भाग तर फारच कमी. जेवायला टेबल धरताना खांबांवर मान वर करून बघा आणि स्पीकरच्या पाठीमागचं टेबल धरा. बायका सावली बघतात, पुरुष स्टॉल बघतात, स्पीकर कोणी बघत नाही.

राइड सुरू होतानाचा भोंगा सुरक्षेसाठी असतो, तो बंद करायला ऑपरेटर तयार होणार नाही आणि होऊही नये. पण तुम्ही आधी जाऊन बोललात तर तो वाजवायच्या आधी हात वर करून खूण नक्की करेल. पोरं आहेत ती बावीस-पंचवीस वर्षांची, नीट सांगितलं की करतात. ब्रेक लागताना हवा सुटल्याचा 'फुस्स' आवाज येतो आणि दांडी खाली येताना खटखट होते, हे दोन आवाज व्हिडिओत नीट ऐकू येत नाहीत. पोराला ते बाहेरून दोन फेऱ्या ऐकवा.

गावच्या जत्रेत मात्र जरा जपून. मौत का कुआँ लाकडी फळ्यांचा असतो, बिनसायलेन्सरची गाडी आत, तो आवाज काय असतो ते मला विचारा. पाळण्याजवळचा जनरेटर वेगळाच. पार्क त्या मानाने शहाणी जागा.

शांतताप्रिय

@खडूस_काका, _/\_ . स्पीकरच्या पाठीमागचं टेबल हे मी आता ऑफिसच्या पार्टीतही वापरणार.

ठाण्याची_लेक

आम्ही पुढच्या वर्षी बहिणीकडे ऑरलँडोला जातोय, मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिझम. तिकडे रांगेची काही सोय असते म्हणतात, ती कशी घ्यायची?

एडिसनकर

डिस्ने आणि युनिव्हर्सल, दोन्ही पार्कांची पद्धत वेगळी, गोंधळ करू नका.

डिस्नेमध्ये डीएएस (डिसॅबिलिटी अॅक्सेस सर्व्हिस) नावाची सोय आहे. २०२४ पासून त्यांनी ती बरीच आवळली. मुख्यतः ऑटिझम किंवा तशाच विकासात्मक अडचणींमुळे ज्यांना रांगेत खूप वेळ उभं राहता येत नाही त्यांच्यासाठीच. जाण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या माणसाशी बोलावं लागतं, मुलगा कॉलवर हजर लागतो. कागदपत्रं मागत नाहीत. त्यामुळे निदानाचं नाव सांगण्यापेक्षा रांगेत नेमकं काय होतं ते सांगा. मिळालं म्हणजे लगेच आत सोडतात असं नाही. परत यायची वेळ देतात, तोवर तुम्ही रांगेबाहेर कुठेही थांबा.

युनिव्हर्सलला आधी आयबीसीसीईएस या संस्थेच्या साइटवर मोफत कार्ड काढायचं. त्याला डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि भेटीच्या निदान ४८ तास आधी अर्ज हवा. पत्र इंग्रजीत आणि अलीकडच्या तारखेचं भारतातूनच घेऊन या, इकडे येऊन डॉक्टर शोधत बसू नका.

इकडच्या टॉयलेटमध्ये आपोआप होणारे फ्लश असतात, मूल बसलेलं असतानाच कधीकधी सुटतात. खिशात चिकटणाऱ्या चिठ्ठ्या ठेवा, सेन्सरवर एक चिकटवा, काम झालं की काढा. हसू नका, या एका युक्तीने आमच्या सहली वाचल्यात.

विमानतळावर हिरवा, सूर्यफुलं छापलेला गळपट्टा बघितला असेल. न दिसणारं अपंगत्व आहे एवढं सांगणारा. २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाला, आता बऱ्याच देशांत ओळखतात. त्याने हक्क काही मिळत नाही, पण समोरचा माणूस दोन शब्द हळू बोलतो.

ठाण्याची_लेक

खूप आभार! भारतात आपल्याकडे कार्ड दाखवून काही होतं का?

कर्जतचा_बोगदा

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं असेल तर जवळ ठेवा. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे त्यात ऑटिझम आहे, त्यामुळे "दिसायला तर नॉर्मल आहे" म्हणणाऱ्यापुढे कार्ड ठेवलं की वाद छोटा होतो. पार्कात सवलत, वेगळी रांग, पुन्हा प्रवेश यातलं काय मिळेल ते प्रत्येक ठिकाणी आणि दरवर्षी बदलतं. आदल्या दिवशी फोन करा, जे सांगतील ते ईमेलवर मागून घ्या. एका पार्कात फोनवर "हो हो, होईल" ऐकून गेलो आणि गेटवर कोणाला काही ठाऊक नव्हतं. ईमेल असता तर दाखवता आला असता.

पुन्हा प्रवेशाचं आवर्जून विचारा. दुपारी गाडीत एसी लावून अर्धा तास पडता आलं तर संध्याकाळ मिळते.

तळजाईची_चिमणी

सगळ्यांचे किती आभार मानू. लाल कार्ड काल केलं, त्याने पहिल्यांदा ते आजीच्या सीरियलला दाखवलं. :D सासूबाई पण आता येणार म्हणतायत, रांगेबाहेर त्याच्याबरोबर थांबायला.

एक शंका राहिली. इअरमफ राइडमध्ये बसताना चालतो का? काढायला लावला तर नेमका तिथेच आवाज जास्त असणार.

कर्जतचा_बोगदा

हळू फिरणाऱ्या राइडवर सहसा कोणी हरकत घेत नाही. वेगाच्या, उलट्या होणाऱ्या राइडवर सुटी वस्तू म्हणून काढायला लावतात आणि ते बरोबरच आहे, उडाला तर मागच्याला लागेल. तिथे फोमचे इअरप्लग. बोटांत बारीक वळायचे, कान वर-मागे ओढून आत सारायचे, फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. लहान मुलांच्या मापाचे वेगळे मिळतात. पण कानात बोट घातलेलं त्याला चालतं का ते आधी घरी बघा, रांगेच्या तोंडाशी नाही. नसेल चालत तर सध्या ती राइड दिराच्या मुलींना द्या.